चर्चच्या भेटगटाची घरभेट: पाचपैकी चार तारे

ही सेवा विकत मिळत नाही, त्यामुळे तिचं परीक्षण लिहिणं काहींना उद्धटपणाचं वाटेल. "फुकट येतात, वेळ देतात, प्रार्थना करतात, आणि तू त्यांना तारे देत बसणार?" असं मावशीने मला ऐकवलंच आहे. पण मी नोकरीत ग्राहकांच्या तक्रारी हाताळते आणि माझं मत नेमकं उलटं आहे. पैसे मोजलेला माणूस हक्काने भांडतो. ज्याला एखादी गोष्ट उपकार म्हणून मिळते तो मान खाली घालून "थँक्यू" म्हणतो, आणि देणाऱ्याला आपलं काय चुकतंय ते जन्मभर कळत नाही.

मावशीला मी बायबलमधल्या प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांच्या, कृत्यांचा ६ वा अध्याय काढून दाखवला. यरुशलेममधली ख्रिस्ती मंडळी अगदी नवी होती. विधवांना रोजचं वाटप व्हायचं, त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या, आणि त्यांच्या लोकांनी कुरकुर सुरू केली. प्रेषितांनी "मिळतंय त्यात समाधान माना" असं म्हटलं नाही. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडायला सांगितली आणि काम त्यांच्यावर सोपवलं. स्तेफन, फिलिप वगैरे ती सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलेच लोक कामावर नेमले गेले. आमच्या ऑफिसात इतकी चांगली तक्रार-निवारणाची पद्धत अजून आलेली नाही. मावशी म्हणाली, "तू वकील व्हायला हवी होतीस." हे तिने होकार दिल्यासारखंच आहे.

तर सेवा अशी आहे. आजारपणामुळे किंवा म्हातारपणामुळे ज्यांना उपासनेला जाता येत नाही त्यांच्या घरी चर्चमधली दोन माणसं आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी येतात, तासभर थांबतात आणि जातात. कुणी पगारी नाही. नर्सिंगचं काम ती करत नाहीत, औषध देत नाहीत आणि सल्ला देणं अपेक्षित नाही. (शेवटच्या मुद्द्याकडे परत येते.)

आमच्याकडे ती आईसाठी सुरू झाली. आईला मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय गेला, त्याबरोबर बोलणंही गेलं. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. तिला समजतं जवळजवळ सगळं, पण शब्द सापडत नाहीत. "पाणी" म्हणायचं असतं आणि तोंडातून "मंगळवार" येतं, मग ती स्वतःवरच चिडते. हे एवढं सांगितलं कारण या सेवेचा कस इथेच लागतो. बोलत्या माणसाशी गप्पा मारायला कुणीही येतं. शब्द हरवलेल्या माणसाजवळ तासभर बसायला वेगळी तयारी लागते.

पहिली जोडी आली ती तयारीशिवाय. माणसं मनाने चांगली होती, त्यात शंका नाही. पण दोघंही पलंगाशी उभी राहिली आणि आईच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत राहिली. "ह्यांना झोप लागते का? ह्यांना कळतं का सगळं?" कळतं हो, आत्ता तुम्ही काय विचारलंत तेही कळलं! मग आईशी बोलताना आवाज चढवला, जणू ती बहिरी आहे. तिला तीन शब्द गोळा करायला वेळ लागतो. दुसऱ्या शब्दालाच कुणीतरी वाक्य पुरं करून टाकायचं, आणि तेही चुकीचं. त्यानंतर जी लांबलचक प्रार्थना झाली तिच्यात आईच्या ज्ञात-अज्ञात पापांची क्षमा मागितली गेली. आईने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला हसू आवरेना.

निघताना दारात मला धीर देण्यात आला: "देव झेपेल तेवढंच देतो." हे वाक्य बायबलमध्ये आहे असं पुष्कळांना वाटतं. करिंथकरांस पहिल्या पत्रात, १० व्या अध्यायात जे आहे ते परीक्षेविषयी, मोहाविषयी आहे: शक्तीपलीकडे परीक्षा होऊ दिली जाणार नाही आणि तिच्यातून निघायची वाटही केली जाईल. आजारी आई अंगावर टाकून "तुला झेपेल" असा त्याचा अर्थ नाही. मला तर त्या आठवड्यात काहीच झेपत नव्हतं.

बायबलमधल्या, सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाच्या तीन मित्रांची या बाबतीत उगाच बदनामी झाली आहे. ते दुरून आले, त्याची अवस्था पाहून मोठ्याने रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. तिथपर्यंत त्यांचं वागणं उत्तमच होतं. आठव्या दिवसापासून ते कारणं सांगू लागले आणि सगळं बिघडलं. आमच्या पाहुण्यांनी ते सात दिवस गाळून थेट आठव्यापासून सुरुवात केली.

यातलं बरंचसं मी चालवून घेतलं असतं. पण त्याच संध्याकाळी चर्चच्या मोबाइल ग्रुपवर फोटो आला. आई पलंगावर, तोंड एका बाजूला ओढलेलं, बाजूला दोघं हात जोडून उभे, आणि खाली "आज आमच्या आजारी बहिणीला भेट देण्याचा आशीर्वाद लाभला." आई आयुष्यभर फोटोआधी केस नीट करणारी बाई. मत्तयाच्या ६ व्या अध्यायात दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये असं येशू सांगतो. इथे डाव्या हाताने उजव्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता.

मी गटाच्या प्रमुख बाईंना फोन केला. नोकरीत शिकलेली सगळी भाषा वापरली. आणि इथून पुढे माझं मत बदलायला लागलं, कारण त्यांनी त्या जोडीची बाजू घेतली नाही. "त्यांचा हेतू चांगला होता" या वाक्याची मी वाटच पाहत होते. ते आलंच नाही. फोटो ग्रुपवरून लगेच काढून टाकला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या, खुर्ची ओढून आईच्या डोळ्यांच्या उंचीला बसल्या, आणि माफी माझ्याकडे नव्हे, आईकडे मागितली. "तुम्हाला न विचारता तुमचा फोटो पाठवला. चूक झाली. आम्ही परत यावं असं वाटतं का तुम्हाला? हो, की नाही?" आणि थांबल्या. किती वेळ थांबल्या! मीच अस्वस्थ झाले. आईने शेवटी मान हलवली: हो.

त्यानंतर गटाचा नियम झाला की कुणाच्याही घरात फोटो काढायचा नाही, कुणी विचारलं तरी नाही. प्रार्थनेसाठी नाव ग्रुपवर टाकायचं असेल तर त्या माणसाला विचारून, आणि आजाराचा तपशील न लिहिता. मंडळींमध्ये "प्रार्थनेचा विषय" या गोड नावाखाली किती घरांच्या भानगडी गावभर होतात, ते आतल्यांना माहीत आहे. या एका नियमासाठी मी अर्धा तारा वेगळा द्यायला तयार आहे.

दुसरी जोडी म्हणजे एक निवृत्त शिक्षिका आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा तरुण. दोघांनीच का यायचं, असं मी एकदा विचारलं. शिक्षिकाबाईंनी मार्काच्या ६ व्या अध्यायाचा दाखला दिला: येशूने बारा शिष्यांना दोघादोघांना जोडीने पाठवलं. लिफ्टवाला म्हणाला, "एक जण बोलतो तेव्हा दुसऱ्याने बघायचं." मला त्याचं उत्तर जास्त पटलं. एकाच्या लक्षात येत नाही ते दुसऱ्याच्या येतं, आणि परक्या घरात दुबळ्या माणसाजवळ एकटं कुणी असू नये ही सावधगिरीही त्यात आहे.

ही जोडीने जायची रीत चर्चमध्ये जुनी आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. वादसभेत त्यांना कुणीतरी टोमणा मारला होता की ख्रिस्ती धर्माने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता? त्या पोरांना घरी जाऊन कसं वागायचं ते ठाऊक नव्हतं. ते शिकवलं रोझाली रेंदू नावाच्या धर्मभगिनीने, जी मुफेतार भागातल्या दरिद्री वस्तीत वर्षानुवर्षं काम करत होती. तिने त्यांना घरांचे पत्ते दिले, आणि दार उघडल्यावर तोंड कसं ठेवायचं तेही शिकवलं असणार. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली आणि आज ती जगभर आहे. आमचा गट त्या संस्थेचा नाही, पंथही वेगळा, पण सूत्र तेच. ओझानामची गोष्ट मला आवडते ती शिकण्याच्या भागासाठी. दया मनात आपोआप येते असं आपण धरून चालतो, आणि मनात आली की ती नीट करताही येईल असंही धरून चालतो. दुसऱ्या गोष्टीला शिकवणी लागते.

नवी जोडी पहिल्या भेटीला आली तेव्हा शिक्षिकाबाईंच्या हातात एक कागद होता. वाचाघात झालेल्याशी कसं बोलावं याची टिपणं त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून आणली होती. एका वेळी एकानेच बोलायचं. टीव्ही बंद. प्रश्न "हो-नाही"त उत्तर देता येईल असे. आवाज नेहमीचा. बोटाने दाखवता येतील अशा वस्तू समोर ठेवायच्या. आणि तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, तिने खुणेने मदत मागितली तरच करायचं. यातलं काही गूढ नाही, कुठलाही वाचा-उपचारतज्ज्ञ हेच सांगेल. फरक इतकाच की त्यांनी येण्याआधी ते विचारून घेतलं होतं.

आणि मग त्यांनी आईला विचारलं, "आज काय करू या?" बोलता न येणाऱ्या बाईला असा मोकळा प्रश्न का, असं मला वाटलं, पण त्यांनी लगेच तीन गोष्टी पुढे ठेवल्या: बायबल, गीतांचं पुस्तक आणि रिकामे हात. म्हणजे वाचू का, गाऊ का, की नुसतं बसू? आईने रिकाम्या हाताकडे बोट दाखवलं. त्या दिवशी ते नुसतेच बसले.

यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय आठवतो? येशूला हाका मारमारून तो पुढे येतो. तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसतंय. तरी येशू विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" लहानपणी मला हा प्रश्न अनाठायी वाटायचा. आईच्या खोलीत तो पुरता समजला. अंथरुणावरच्या माणसाला दिवसभर सगळे काही ना काही करत असतात. कूस बदलतात, अंग पुसतात, चादर ओढतात. विचारत कुणी नाही. मीही घाईच्या सकाळी विचारत नाही. विचारायला वेळ कुठून आणणार?

आता सगळ्यात विलक्षण गोष्ट. एका भेटीत शेवटी शिक्षिकाबाईंनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, सावकाश, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." आणि आई बोलायला लागली. अडखळत नाही, शोधत नाही, ओळीमागून ओळ, थेट "आमेन"पर्यंत. ज्या बाईला "पाणी" म्हणता येत नाही ती "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" स्पष्ट म्हणत होती. मी स्वयंपाकघरातून धावत आले. मला वाटलं चमत्कार झाला. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले की असं होतं. लहानपणापासून घोकलेल्या प्रार्थना, गाणी, अंक मोजणं, वारांची नावं हे बोलणं पाठांतराच्या वाटेने येतं, आणि नवीन वाक्य जुळवण्याची वाट बंद झाली तरी ही वाट पुष्कळदा उघडी राहते. म्हणून तर "मंगळवार" सारखा मध्ये यायचा! हे आधी कळलं असतं तर आम्ही घरातच रोज म्हटली असती. आता म्हणतो. याला चमत्कार म्हणायचं की मेंदूची रचना, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत आणि आईचं मत विचारलं तर ती दोन्हींना "हो" म्हणते.

इथे चर्चच्या कामाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. १९५३ साली लंडनमध्ये चाड व्हारा नावाच्या पाळकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सुरू केला. त्यातूनच पुढे समॅरिटन्स ही संस्था झाली. सल्ला स्वतः द्यायचा असा त्याचा बेत होता. भेटायला येणाऱ्यांना थांबावं लागायचं, म्हणून काही स्वयंसेवक त्यांच्याजवळ बसायचे, चहा द्यायचे, बोलायचे. थोड्याच दिवसांत व्हाराच्या लक्षात आलं की पुष्कळांना आत येण्याची गरजच उरत नाही. बाहेर कुणीतरी ऐकून घेतलं तेवढ्यानेच त्यांचं मन हलकं होतं. मग १९५४ मध्ये त्याने ते काम स्वयंसेवकांच्याच हाती दिलं. पाळकाने स्वतःचं महत्त्व असं कमी करून घेणं हे मला फारच थोर वाटतं. मी पाहिलेल्या पुष्कळ पाळकांना ते जमलं नसतं.

आमचे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि प्याला, घेऊन येतात तेव्हा मात्र मी त्यांना पूर्ण गुण देते. त्यांनी आधी फोन करून विचारलं की आईला गिळायला त्रास होतो का. होतो, पक्षाघातानंतर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून ते भाकरीचा अगदी कण प्याल्यात भिजवून देतात, तिला बसतं करून, आणि ती गिळेपर्यंत पुढचा शब्द उच्चारत नाहीत. भेटगटालाही हाच नियम: बाहेरून काही आणून तोंडात घालायचं नाही. प्रेमाने भरवणारे पाहुणे हा आजारी माणसाच्या जिवाला खरा धोका असतो, हे कुणाच्या घरी वाईट वाटलं तरी सांगावंच लागतं.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले तो मुद्दा. ही सेवा आईसाठी आहे. पण दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत लिफ्टवाला मला म्हणाला, "ताई, तुम्ही जा बाहेर. तासभर आम्ही आहोत." मी म्हटलं, कुठे जाऊ? "कुठेही. जिन्यात बसा." मी खरंच जिन्यात बसले. फोन बघितला नाही. झोप लागली.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकला आहे. लुटारूंनी मारहाण केलेला माणूस रस्त्यात पडला होता, याजक बाजूने गेला, मंदिरात सेवा करणारा लेवी बाजूने गेला, यहुद्यांना परका असलेला शोमरोनी थांबला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. उपदेश तिथे संपतो. पण लूकाने आणखी लिहिलं आहे: दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगितलं की याची काळजी घे, आणखी खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. त्या मालकाविषयी कुणी बोलत नाही. रात्री त्या माणसाला ताप आला तर उठणारा तोच. चादरी धुणारा तोच. शोमरोनी गावाला गेल्यावरही जखमी माणूस तिथेच होता. घरोघरी आजारी माणसाला सांभाळणारे जे कुणी आहेत, मुली, सुना, नवरे, ते सगळे त्या उतारशाळेचे मालक आहेत. शोमरोन्याला हे कळलं होतं, म्हणून त्याने पैसे ठेवले आणि परत यायचा शब्द दिला.

सिसिली साँडर्सने १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं घर, उघडलं. ती आधी नर्स, मग रुग्णालयातली समाजसेविका, मग चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झालेली, आणि श्रद्धेने ख्रिस्ती. तिने "समग्र वेदना" ही कल्पना मांडली: दुखणं शरीराचं असतं तसं मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचंही, आणि उपचार सगळ्यांचा हवा. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांकडे पाहणं हा तिच्या कामाचाच भाग होता. वैद्यकशास्त्राला हे शिकायला विसावं शतक उजाडावं लागलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पोराला ते माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून कळलं.

या जोडीच्या तोंडून "काही लागलं तर सांगा" हे वाक्य मी कधीही ऐकलेलं नाही. या वाक्यात मदत करायचं काम मागणाऱ्यावरच येऊन पडतं. याकोब आपल्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात अशाच माणसाची टर उडवतो: भावाला वस्त्र नाही, अन्न नाही, आणि हा म्हणतो सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा. ही दोघं म्हणतात, "गुरुवारी औषधाच्या दुकानावरून जाणार आहे, चिठ्ठी द्या." किंवा "चादर बदलायची वेळ झालीय का? एकीकडून मी धरतो." दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात; हे काम एकटीने करणं आणि दुसरं कुणी चादरीचं टोक धरलेलं असणं, यातला फरक ज्याने केलंय त्यालाच कळेल. आईला उचलायचं मात्र ते करत नाहीत. ते त्यांना शिकवलेलं नाही, आणि न शिकता उचलू नये हेही त्यांना शिकवलेलं आहे.

प्रार्थना होते. छोटी होते, विचारून होते. एकदा आईने "नाही" अशी मान हलवली तेव्हा झाली नाही, आणि कुणाचं तोंड पडलं नाही. त्या आठवड्यात आई देवावर रागावली असावी. मला त्याचं नवल वाटलं नाही. स्तोत्रांमध्ये तर रागावलेल्यांचीच गर्दी आहे. शिक्षिकाबाई एवढंच म्हणाल्या, "मग आज आम्ही घरी जाऊन करू, तुम्ही नका करू."

तारा कुठे कापला? नाताळात. डिसेंबरमध्ये गाणी म्हणणारा जथा येतो, तरुणसंघ येतो, महिलामंडळ येतं, खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही आणि आई दोन दिवस थकून पडते. जानेवारीत सगळे थकलेले, भेटी गळतात, आणि फोनही येत नाही. न येणं मी समजू शकते. सगळे नोकरी-संसार सांभाळून येतात. न कळवणं नाही. आई त्या दिवशी सकाळपासून दाराकडे बघत असते. तिला "मंगळवार" म्हणता येतो, आणि मंगळवारीच ते यायचे असतात. बदली माणसांची यादी हवी. ती करतो म्हणालेत.

जाता जाता: बदली म्हणून एकदा पहिल्या जोडीतले काका आले. मी दार उघडतानाच सावध झाले होते. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, हळू आवाजात एक प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली. निघताना कुठलंही वचन सुनावलं नाही. चौथा तारा त्यांचा आहे.

ख्रिस्ती नसलेल्यांना ही सेवा मिळते का, असं शेजारच्या आजोबांच्या सुनेने मला विचारलं होतं. मिळते. जोडी आता आमच्याकडून निघाली की तिकडे अर्धा तास थांबते. आजोबांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून हवं असतं, अग्रलेखासकट. तिथे प्रार्थना होत नाही, कारण ती कुणी मागितलेली नाही. लिफ्टवाल्याला राजकारणात काडीचा रस नव्हता. आता तो आजोबांशी वाद घालतो म्हणे.

तुमच्या चर्चमध्ये असा गट असेल आणि नाव नोंदवायचं असेल तर काही गोष्टी आधीच स्पष्ट करा: गिळण्याचा त्रास, ऐकू येतं की नाही, कुठल्या वेळी झोप असते, फोटो नको, आणि कुठला विषय काढायचा नाही. आमच्या गटाच्या फॉर्मवर रुग्णाचं नाव, वय, आजार, पत्ता असे रकाने आहेत. सांभाळणाऱ्याचं नाव लिहायला जागा नाही. मी प्रमुख बाईंना तसं कळवलंय. नवे फॉर्म छापून होईपर्यंत ते समासात लिहा, ठळक अक्षरात, आणि त्यापुढे तासभर कधी बाहेर पडायचंय तेही.